नरहरराव सलोत्रींचे तिसरे

नरहररावांची आणि माझी पहिली ओळख झाली ती मी त्यांच्या टोपीत हात घातला म्हणून.

आता यात माझी काही चूक नव्हती. मी सोनपेठच्या शाळेत नवाच मास्तर होऊन आलो होतो. शाळेच्या ओसरीवर टपालाचं कामही माझ्याकडेच होतं, कारण निजामाच्या राज्यात ज्याला चार अक्षरं यायची त्याच्या गळ्यात सरकार आणखी चार कामं बांधायचं. तर मी टपालाची थैली उघडून बसलेलो असताना एक उंच गृहस्थ शेरवानी घालून आत आले. डोकं उघडं. सरकारी नोकराची ती लाल रुमी टोपी त्यांनी उलटी करून दोन्ही हातांत धरली होती आणि वर रुमाल झाकला होता. मला वाटलं, पेरू असतील. नव्या मास्तराला लोक काहीबाही आणून देत होते आणि मलाही त्याची सवय लागली होती. "अहो, कशाला एवढी तसदी!" असं म्हणत मी खुशाल रुमालाखाली हात घातला. आत काहीतरी थंडगार आणि खरबरीत होतं, आणि ते हललं.

मी अशी बोंब ठोकली की दुसरीच्या वर्गातली पोरं बाहेर धावत आली.

"हळू, मास्तर, हळू," गृहस्थ म्हणाले. "गाभण आहे ती."

हे नरहरराव. आमच्या गावचे सलोत्री, म्हणजे जनावरांचे सरकारी डॉक्टर. आणि टोपीत होती ती बेडकी. तळ्यातला हिरवा, गुळगुळीत, टुणकन उडी मारणारा बेडूक असतो ना, तो नव्हे. पावसाळ्यात दिव्याखाली किडे खायला येऊन बसतो तो दुसरा. कोरडी कातडी, अंगभर पुळ्या, आणि उडी मारायचा भारी कंटाळा. पुस्तकात त्याला भेक म्हणतात. गाव त्याला बेडूकच म्हणायचं आणि नरहरराव म्हणायचे 'मंडळी'.

टोपी त्यांच्या डोक्यावर मी कधी पाहिली नाही. मंडळींची ने-आण करायला तिच्यासारखं भांडं नाही, असं त्यांचं मत होतं. उंच असते, आत अस्तर मऊ असतं, आणि गोंड्याला धरून टांगताही येते. एकदा परभणीहून त्यांचे वरिष्ठ दवाखाना तपासायला आले. त्यांनी विचारलं, "टोपी कहाँ है?" नरहररावांनी अदबीनं सांगितलं, "इस्तेमाल में है, हुजूर." हुजूर बिचारे काय समजले कोण जाणे, पण टोपीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

नरहररावांचा खरा हुद्दा मात्र मोठा मानाचा होता. आमच्याकडचा शेतकरी एक वेळ पोराची पत्रिका बघणार नाही, पण बैलाचं कूळ बघितल्याशिवाय दावणीला बांधणार नाही. लाल कंधारी म्हणजे लाल कंधारीच पाहिजे. बाजाराच्या दिवशी वळू घेऊन लोक दवाखान्यासमोर रांग लावायचे आणि नरहररावांनी 'असल' असा कागद दिला की वळूच्या मालकाची छाती फुगायची. नरहरराव कपाळ बघायचे, डोळ्यांभोवतीची काळी कड बघायचे, खूर, शेपूट, वशिंड सगळं बघायचे. मग सावकाश म्हणायचे, "याच्या आजीनं थोडी गडबड केलेली आहे." झालं! चार माणसांत आपल्या बैलाच्या आजीची अब्रू गेल्यावर कोण ऐकून घेईल?

"साहेब, याची आजी आमच्याच गोठ्यात वाढल्याली हाय!"

"सबूत काय?"

हा त्यांचा शब्द. सबूत काय. दूधवाल्यानं दूध निरसं आहे म्हटलं की सबूत काय. जोशीबुवांनी उद्या एकादशी म्हटलं की सबूत काय. मी एकदा शेजारधर्म म्हणून विचारलं, "काय राव, बरे आहात ना?" तर म्हणाले, "वाटतंय तसं. सबूत काही नाही." आणि एकदा तर पाटलांचे चुलते वारल्याची बातमी घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी सवयीनं तेच विचारलं. मग स्वतःच जीभ चावली आणि अनवाणी पाटलांच्या घरी पळाले.

आमची घरं एका भिंतीनं जोडलेली होती. त्यांच्या परसात मातीचे रांजण होते, अर्धे जमिनीत पुरलेले, आत ओल्या मातीचा चढ, थोडं पाणी, वर बांबूची जाळी. पहिल्या आठवड्यातच मी हात जोडून विचारलं, "राव, एवढं सांगा, हे कशासाठी?"

त्यांनी मला हाताला धरून रांजणापाशी नेलं.

"हा पाहा. हा गंगेकाठचा." आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. "काळ्या मातीतला. डोक्यावर काळ्या उंच रेघा आहेत, दिसतात? आणि हा माळावरचा. मुरमाडात राहतो. डोकं सपाट, रंग फिकट. एकाचा आवाज लांब, दुसऱ्याचा तुटक. यांची मादी त्यांच्या हाकेला जात नाही आणि त्यांची यांच्या. दोन वेगळ्या जाती."

"बरं."

"मी यांचं लग्न लावणार आहे."

माणूस शेजारी आहे, जन्म काढायचा आहे, असा विचार करून मी मान डोलावली.

"पिल्लं होतील," ते म्हणाले. "कधी कधी होतात. पण खरा प्रश्न त्याच्या पुढं आहे. घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर होतं, धडधाकट होतं, ओझं वाहतं. पण खेचराला पिल्लू नाही. तिथं वंश संपला. तसं यांच्यात होतं, की मिसळलेल्यांना पुन्हा आपल्यासारखीच पिल्लं होतात? झाली, आणि ती आपसातच रमली, तर मास्तर, ती ना गंगेकाठची ना माळावरची. ती तिसरीच जात. नवी. जगात कुठं नव्हती अशी."

"आणि नाही झाली तर?"

"तर लोक म्हणतात ते खरं," असं काहीतरी पुटपुटून ते जाळी बांधायला लागले. लोक काय म्हणतात, ते मी विचारलं नाही. पुष्कळ दिवस मला त्याचा अर्थच लागला नाही. मास्तरची अक्कल, दुसरं काय.

पण मंडळींची खरी चाकरी करायच्या त्या काशाबाई वहिनी, त्यांच्या मालकीणबाई. नरहरराव महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर. मंडळींना जिवंत किडाच लागतो, मेलेला चालत नाही. मग वहिनी सकाळी शेणाच्या गोवऱ्या उलथून वाळवी गोळा करायच्या आणि एकेका रांजणात टाकायच्या. तोंडानं पट्टा चालू असायचा. "खा रं बाबांनो. माझ्या हातचं माणसं खाईनात, तुमी तरी खा. ए रोड्या, सरक की तिकडं. तिला खाऊ दे." मला ओसरीवर सगळं ऐकू यायचं. शिव्या देताना त्या पाणी मात्र बोट बुडवून बघायच्या, ऊन झालंय का म्हणून.

दर टपालाच्या दिवशी वहिनी भिंतीपाशी येऊन हळूच विचारायच्या, "आलंय का वो मास्तर काही?"

वर्षा-सहा महिन्यांनी एखादं पाकीट यायचं. शिक्का हैदराबादचा, अक्षर बाईमाणसाचं, वळणदार. वर नाव नरहररावांचं. ते यायचे, पाकीट उलटंसुलटं करायचे आणि न फोडता शेरवानीच्या खिशात घालायचे. चेहऱ्यावर काही नाही. वहिनींना मी फक्त मान हलवून 'आलं' एवढं सांगायचो. त्या पदरानं तोंड पुसून आत जायच्या.

त्यांनीच मला एकदा सांगितलं. एकुलती एक मुलगी, इंदू. शिकायला हैदराबादेत मामाकडे ठेवली होती. तिनं तिथल्याच एका तेलंगी मास्तराशी लग्न केलं. भाषा वेगळी, जात वेगळी. मी सोनपेठला आलो त्याच्या आदल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. लग्नाला विचारायला ती आपल्या पायानं आली होती. नरहरराव म्हणाले होते, "मी बैलाला कागद देतो असल म्हणून, आणि माझ्या घरात हे? या दाराला हात लावलास तर मी तुझा बाप नाही." नातेवाइकांनी वर मीठ चोळलं, असल्या लग्नाचा वंश टिकत नाही म्हणून. मुलगी आल्या गाडीनं परत गेली. तिनं भाकरसुद्धा खाल्ली नाही.

"शब्दाचे लय पक्के हायत ह्ये," वहिनी म्हणाल्या. "बोलून गेले, आन् आता गिळता येईना आन् थुंकता येईना."

मग मला मंडळींचा उलगडा झाला. त्याच पावसाळ्यात तर रांजण पुरले होते.

पहिल्या वर्षी गंगेकाठची मादी आणि माळावरचा नर यांची पिल्लं झाली. 'तिसरे' म्हणायचे नरहरराव त्यांना. डोक्यावरच्या रेघा होत्या पण बुटक्या, रंग ना काळा ना फिकट. पहिले पन्नासेक होते. उन्हाळ्यात काही गेले. एका धामणीनं एक अख्खा रांजण साफ केला, त्या दिवशी नरहरराव दवाखान्यात गेले नाहीत. दोन वर्षांत ते मोठे झाले. त्यातला एक नर तिसऱ्या पावसाळ्यात ओरडायला लागला. आवाज लांब नाही, तुटक नाही, मधलाच काहीतरी. गंगेकाठची मादी शेजारी सोडली, तिनं ढुंकूनही बघितलं नाही. माळावरचीनंही नाही. तो दिवेलागणीला एकटाच ओरडत बसायचा आणि नरहरराव ओसरीत खाली मान घालून ऐकत बसायचे.

"याचा आवाज कळणारी एकच आहे," ते म्हणाले. "ती पलीकडच्या रांजणात आहे. पण अजून लहान आहे. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षापर्यंत तिसऱ्यांपैकी दोघंच उरले होते. तो नर आणि ती मादी. चार वर्षांचा सगळा खेळ त्या दोन जिवांवर येऊन थांबला होता.

आणि त्या वर्षी पावसानं दगा दिला. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. पोरांनी मुसळाला बेडूक बांधून 'धोंडी धोंडी पाणी दे' करत घरोघर हिंडून झालं, बायकांनी त्यावर तांब्या तांब्या पाणी ओतून झालं. आकाश तसंच्या तसं. मग गावानं ठरवलं, आता बेडकाचं लग्नच लावायचं.

पाटील माझ्याकडे आले. "मास्तर, तुमी शिकलेले. नर कोन्ता आन् मादी कोन्ती, तेवढं सांगून द्या. गेल्या खेपेला तिकडं पालमकडं दोन नरांचं लगीन लावलं म्हणं. पाऊस कशाचा पडतोय!"

"हे मला काय माहीत, पाटील? सलोत्रीसाहेबांना विचारा. ते दौऱ्यावर गेलेत, आठ दिवसांनी येतील."

"आठ दिस कोन थांबतंय?"

इतक्यात भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला. "नवरा-नवरी म्या देते."

मी उडालोच. बघतो तर वहिनी पदर खोचून रांजणांपाशी उभ्या. त्यांनी सरळ कोपऱ्यातल्या रांजणाची जाळी काढली आणि एक बेडूक उचलला. मग शेजारच्यातून दुसरा. "ह्यो नवरा. ही नवरी. नीट धरा, पोटाला दाबू नका."

"वहिनी," मी घाबरून म्हणालो, "हे ते तिसरे तर नव्हेत?"

"असतील बाई. मला काय कळायलंय त्यातलं?" असं म्हणून त्या घरात गेल्या त्या नवं लुगडं नेसूनच बाहेर आल्या.

काय लग्न झालं ते! वरच्या आळीचा नवरा, खालच्या आळीची नवरी. खालच्या आळीनं मुलीच्या पाठीला हळद लावली. वरच्या आळीचं म्हणणं, हळद आधी नवऱ्याची, मग उष्टी हळद नवरीला. त्यावरून मानपान निघाला आणि अर्धा तास दोन्हीकडची शहाणीसुरती माणसं बेडकांसाठी एकमेकांच्या अंगावर धावली. शेवटी जोशीबुवांनी माझाच रुमाल अंतरपाट म्हणून धरला. मंगलाष्टकं खणखणीत झाली. नवरा शांत होता. नवरीनं 'सावधान' म्हणता म्हणता एक माशी गिळली, ते मोठं शुभ आहे असं सर्वांनुमते ठरलं. अक्षता पडल्या. मी सहज वहिनींकडे बघितलं, तर त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या. मूठ मूठ अक्षता टाकत होत्या आणि रडत होत्या. मला वाटलं, धूर गेला असेल. म्हटलं ना, मास्तरची अक्कल.

वरात देवळापुढच्या दगडी हौदापाशी गेली आणि जोडपं पाण्यात सोडलं. हौद म्हणजे कमरेइतक्या उंच भिंतींचा. जवळच्या विहिरीच्या मोटेनं भरायचा. आत उतरायला दोन पायऱ्या आणि दगडांच्या सांध्यांत हातभर खोल कपारी. दोघंही डुबकन गेले ते दिसेनासेच झाले.

आठव्या दिवशी नरहरराव आले. धुळीनं माखलेले, तसेच परसात गेले. मी भिंतीपलीकडे कान देऊन उभा.

"काशे, तिसरे कुठं?"

"लगीन झालं त्यांचं," वहिनी म्हणाल्या. "सासरी गेले."

ते ओरडतील, भांडं फेकतील, असं मला वाटलं होतं. काहीच झालं नाही. ते रिकाम्या रांजणाशी उकिडवे बसले ते दिवस मावळला तरी उठले नाहीत. शेवटी मीच गेलो. "चार वर्षं, मास्तर," एवढंच म्हणाले. मला त्या माणसाची फार फार दया आली आणि वहिनींचा मनस्वी राग आला.

दुसऱ्या दिवसापासून नरहरराव हौदाच्या काठावर. कपारीत हात घालायला गेले तर पाटील आडवे. "साहेब, देवाचं जोडपं हाय. पाऊस पडंपातूर हात लावता येत न्हाई."

"पाऊस आणि यांचा संबंध काय? सबूत काय?"

"पडला की सबूतच की!"

नरहररावांनी हात मागे घेतला. आणि पाच दिवसांनी पाऊस आला. आधी गंगाखेडला पडला, तेव्हा गावात 'लग्न आमी लावायचं आन् पानी त्यांनी प्यायचं' अशी फार हळहळ झाली. पण मग आमच्याकडेही पडला, चांगला दोन दिवस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हौदातून आवाज आला. लांब नाही, तुटक नाही, तो मधलाच. नरहरराव ताटावरून उठून गेले.

सकाळी मला हाताला धरून ओढत नेलं. पाण्यात, पायरीला वेढा घालून, काळ्या मण्यांची लांबच लांब दुहेरी पोत पडलेली होती. त्यांची अंडी अशीच असतात, पारदर्शक दोऱ्यात ओवल्यासारखी.

"झालं की मग!" मी म्हणालो.

"काही झालं नाही. खेचराच्या अंड्यातून काय निघणार? तीन दिवसांत पांढरी पडून कुजतात की काळीच राहून हलतात, ते बघायचं."

ते तीन दिवस नरहरराव भिंग घेऊन पायरीवर बसले. दवाखान्यासमोर बैल उभे राहिले, मग बैलवालेही इकडेच येऊन बसले. कशासाठी बसलोय हे निम्म्यांना माहीत नव्हतं, पण साहेब एवढा जीव टाकून बसलाय म्हणजे काहीतरी असणार. कोणी खोकलं तर दुसरा त्याला गप्प करायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी नरहररावांनी भिंग खाली ठेवलं. मी वाकून बघितलं. मण्यांना शेपट्या आल्या होत्या आणि त्या वळवळत होत्या.

लोकांनी 'हरहर महादेव' केलं. नरहरराव मात्र भिंतीकडे बघत होते. "कशावरून दुसराच कुणी बेडूक हौदात शिरला नसेल? सबूत काय?"

पाटील वैतागले. "अवो, कंबरंएवढी भिंत हाय. तुमचा ह्यो बेडूक चिखलात बसल्याला उठंना, त्यो भित्तीवर चढंल?"

नरहररावांनी खरोखर एक गंगेकाठचा आणि एक माळावरचा आणून भिंतीखाली सोडले. दोन संध्याकाळ सगळ्या गावानं त्यांना उडी मारायचा आग्रह केला. पोरांनी टाळ्या पिटल्या. त्या दोघांनी भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही, किडे खाल्ले आणि बसून राहिले. तेव्हा कुठे नरहरराव म्हणाले, "हं." धामणसुद्धा शिरते अशा रांजणात जे त्यांना जमलं नसतं, म्हणजे दुसऱ्या कुणाचा शिरकाव होणार नाही असं बंद पाणी, ते पाटलांनी आणि जोशीबुवांनी वाजतगाजत करून दिलं होतं.

तरी त्यांनी महिनाभर वाट बघितली. शेपट्या गळाल्या, पाय फुटले, आणि एके सकाळी नखाएवढाली पिल्लं पायरीवर येऊन बसली. सगळ्यांच्या डोक्यावर त्याच बुटक्या रेघा.

त्याच दिवशी दुपारी मी टपालाची थैली बांधत होतो. नरहरराव आत आले. शेरवानी, डोकं उघडं, टोपी उलटी दोन्ही हातांत आणि वर रुमाल. मी आता शहाणा झालो होतो. हात मागे बांधून उभा राहिलो.

"घाला हात," ते म्हणाले.

"नको, राव."

"घाला हो. चावत नाही."

मी घातला. कागद लागला. बाहेर काढली तर पाच पाकिटं, हैदराबादच्या शिक्क्याची, एकही फोडलेलं नाही. त्यांच्या मागं दारात काशाबाई वहिनी उभ्या होत्या.

"तुम्ही वाचा," नरहरराव म्हणाले. "माझ्याच्यानं होणार नाही."

मी एकेक फोडून वाचलं. पहिल्यात नुसती माफी होती. दुसऱ्यात, 'आईचे गुडघे कसे आहेत?' तिसऱ्यात, 'यांना मी भाकरी करायला शिकवली आहे, जाड होते पण करतात.' चौथ्यात, 'बाबा, नुसतं पाकिटावर शिक्का मारून परत पाठवलंत तरी चालेल, तुमचा हात लागला एवढं कळेल.' पाचवं आठ महिन्यांपूर्वीचं होतं. 'तुम्हाला नात झाली. नाव गोदावरी ठेवलं आहे. तुमच्या गावावरून येते आणि यांच्या गावावरून पुढं जाते, म्हणून. डोळे तुमच्यासारखे आहेत. सारखी कशाकडे तरी टक लावून बघत असते.'

वहिनी उंबऱ्यावर बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "मास्तर, तुमाला खरं सांगते. मला समदं कळत हुतं. ते तिसरेच म्या दिले. माझ्या लेकीच्या लग्नात मला चार अक्षता टाकायला गावल्या न्हाईत. म्हनलं, ह्यांच्या तरी टाकाव्या. ह्ये चार वर्सं त्यांना भिंगातनं बघायले. अवो, आधी अक्षता टाका, मग बघा की काय हुतंय ते!"

मला राहवलं नाही. चार वर्षांचं साचलेलं बाहेर पडलं. "राव, एवढे शिकलेले तुम्ही. बेडकांच्या दोन जाती असतील, पण माणूस तो माणूस. तेलंगी असो की मराठी, त्यात कसला आलाय संकर?"

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मास्तर. माणूस सगळा एकच. त्याला सबूत लागत नाही." त्यांनी पाकिटं गोळा करून एकावर एक नीट रचली. "पण मी बोलून बसलो होतो. माघार घ्यायला काहीतरी निमित्त लागतं हो माणसाला. स्वतःहून नाही घेता येत. मला तरी नाही आली."

वर्गातली पोरं पाढे म्हणत होती. नरहररावांनी रुमाल घडी करून खिशात घातला.

"ती दार उघडेल का हो?"

"उघडेल," मी म्हणालो. आणि सवयीनं वाट बघत थांबलो.

त्यांनी विचारलं नाही. टोपी उलटी करून झटकली, आतली माती बोटांनी पुसली आणि दोन्ही हातांनी नीट डोक्यावर बसवली. मी ती त्यांच्या डोक्यावर पहिल्यांदाच पाहत होतो.

"काशे, उठ," ते म्हणाले. "बैलगाडी सांगायची आहे. गंगाखेडची आगगाडी गाठायची तर पहाटेच निघायला पाहिजे. आणि नातीला काय नेतेस? रिकाम्या हातानं जायचं नाही."

"कुंची हाय शिवल्याली," वहिनी म्हणाल्या. "चार वर्सं झाली शिवून."